बाईजीची नात

पन्हं मला कुल्हडात दिलं. बाकी सगळ्यांना पितळी फुलपात्रांत.

मी सात-आठ वर्षांची असेन. काशीत, ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत, आमच्या घरमालकांकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या सगळ्या मराठी बायका जमल्या होत्या. खालच्या चौकात गौर मांडलेली, कलिंगडाची कमळं कापलेली. आंब्याच्या डाळीचा वास थेट आमच्या खोलीपर्यंत येत होता. आम्ही त्याच घरात राहायचो. मागच्या जिन्यानं वर, गोठ्याच्या डोक्यावर एक खोली. आई म्हणाली होती, जाऊ नकोस. मी गेले. वासानं गेले.

बनारसात मातीच्या कुल्हडात चहा सगळेच पितात. मोठा शेठ असला तरी टपरीवर कुल्हडातच पितो आणि मग फेकून देतो. त्यात अपमान कसला, असं मलाही वाटलं असतं. पण मालकीणकाकूंनी आधी माझ्याकडे बघितलं. मग फुलपात्रांच्या ताटाकडे. मग मोलकरणीला हाक मारून कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून एक कुल्हड मागवलं. माझ्यासाठी. त्यात उंचावरून पन्हं ओतलं, कुल्हडाला भांडं लागणार नाही असं. डाळ पानाच्या तुकड्यावर टाकली. दिली नाही, टाकली.

नागपूरहून एक पाहुणी आली होती. तिनं विचारलं, "ही कुणाची हो? गोड आहे."

काकू घरात कडक शुद्ध मराठी बोलायच्या. पण याचं उत्तर त्यांनी हिंदीतून दिलं.

"बाईजी की नतिनी है."

चौकातल्या बायका हसल्या. पाहुणीला कळलं नाही. शेजारचीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. पाहुणीनं पदर सावरला आणि पाय जवळ ओढून घेतले. मी तिच्यापासून चांगली लांब होते. तरी ओढून घेतले.

आणि मी ते पन्हं प्यायले. गोड होतं, म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि कुल्हडाच्या तळाची ओली माती चाटली.

मराठीत बाई म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. शाळेतल्या बाई. काशीबाई, सीताबाई. मान द्यायचा शब्द. बनारसात त्याला 'जी' लागला की तोच शब्द कोठ्यावर जाऊन बसतो. दालमंडीत गायच्या-नाचायच्या त्या बाईजी. आमच्या गल्लीतल्या मराठी लोकांना दोन्ही अर्थ माहीत होते, त्यामुळे त्यांची मोठी सोय झाली होती. आपापल्या बायकांना मराठीतून बाई म्हणायचं. माझ्या आजीला हिंदीतून बाईजी. तोंड विटाळायला नको. शिवीसुद्धा 'जी' लावून.

आजीला आम्ही अक्का म्हणायचो. नाव गोदाबाई. कोकणातल्या नायकिणीच्या घरात जन्म. मूकपटांच्या काळातली नटी.

खोलीत आम्ही तिघी. अक्का, आई, मी. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांनी आईशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. मी दोन-तीन वर्षांची असताना ते क्षयानं गेले. तेव्हा परत आंघोळ करायला कोणी आलं नाही.

आई साड्यांचे धागे कापायची. बनारसी साडी विणून उतरली की तिच्या उलट्या बाजूला सुटे धागे लोंबत असतात. ते बारीक कात्रीनं कापायचे. दिवसभर मान खाली. नजर चुकली की साडीला भोक आणि शेठच्या माणसाच्या शिव्या. ब्रह्मा घाटावरच्या बाकीच्या गरीब मराठी विधवा घरोघर स्वयंपाक करून पोट भरायच्या. सणाला पोळ्या लाटायला त्यांना मागणी असायची. आईच्या हातचं कोण खाणार? तिची पुरणपोळी कागदासारखी पातळ व्हायची. ती आम्ही तिघींनीच खाल्ली, तीही डाळ-गूळ असेल त्या वर्षी. एरवी सत्तू आणि कांदा.

आमच्या खोलीची गल्लीला एक गंमत वाटायची. आई विधवा, कपाळ कोरं. आणि तिची आई, ऐंशीच्या घरातली म्हातारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ज्यांच्यासोबत अक्का काशीत आली होती ते गृहस्थ जाऊन चाळीस वर्षं झाली होती. गल्लीत कुणीतरी तोंडावर विचारायचंच, "काय बाईजी, कुंकू कुणाच्या नावाचं?"

अक्का म्हणायची, "तुझ्या आज्याच्या."

खरं कारण तिनं मला सांगितलं होतं. लहानपणी तिचं लग्न देवळातल्या कट्यारीशी लागलं होतं. नायकिणींच्या मुलींचं तसंच लागायचं. कट्यार मरत नाही, म्हणून नायकीण विधवा होत नाही. "आमच्या गावात बामणाघरच्या नवरीचे काळे मणी माझी आजी ओवायची," अक्का सांगायची. "तिच्या हातचे ओवले की नवरा टिकतो म्हणून. मणी ओवून झाले की तिला मागच्या दारानं घालवायचे." हे सांगताना ती हसायची. मला हसू येत नसे.

सिनेमात ती गेली कशी, तर दुसरं कुणी जाईना म्हणून. त्या आधी बायकांची कामं पुरुषच करायचे, मिशा काढून. कंपनीचा मॅनेजर अक्काच्या आईकडे आला. चांगल्या घरची मुलगी मिळत नाही, म्हणाला. हे तो अक्काच्या आईच्या घरात बसून, तिचाच चहा पीत म्हणाला. मग अक्काचं नाव बदललं. गोदाबाई चालणार नाही, 'बाई' म्हटलं की लोक ओळखतात. पाटीवर नाव आलं, मिस केतकी.

"मिस म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं," अक्का म्हणायची. "मला वाटलं मिसळीतलं काहीतरी."

दिवसा उन्हात शूटिंग. डोक्यावर पांढरी कापडं ताणलेली, बाजूनं चकचकीत पत्रे धरून उजेड तोंडावर मारायचे. संध्याकाळी डोळे सुजून यायचे. चेहऱ्यावर पिवळट रंगाचा लेप. ओठाला लाल लावलेलं चालत नसे, कारण लाल रंग पडद्यावर काळाकुट्ट दिसे. कपाळावरचं कुंकूही काळं दिसायचं. घोड्यावरून तिनं नदीत उडी मारली होती. बदली माणूस वगैरे काही नाही. डावा खांदा निखळला तो शेवटपर्यंत नीट बसला नाही. पावसाळा आला की ती तो खांदा दाबून घेताना मला सांगायची, "हा सिनेमा दुखतोय."

आवाज नव्हता, म्हणून तोंडानं काहीही बोललं तरी चालायचं. ओठ हलले पाहिजेत, बस. म्हणून अक्का वाट्टेल ते बोलायची. पतिव्रतेचं काम. नवऱ्याचे पाय धुते आहे. पडद्यावर पाटी यायची, "नाथ, ही दासी जन्मोजन्मी आपलीच." आणि अक्का पाय धुता धुता म्हणत असायची, "मेल्या, घरून तरी धुऊन येत जा. उंदीर मेल्यासारखा वास येतोय." नट हसू दाबून दाबून लाल व्हायचा. डायरेक्टर ओरडायचा. लोक थेटरात डोळे पुसायचे.

एका गावात ती देवी झाली होती तो सिनेमा लागला. लोकांनी पडद्यासमोर नारळ फोडले, फुलं वाहिली. कंपनी त्याच गावात शूटिंगला उतरली होती; अक्का मागं उभी राहून सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी शूटिंगमध्ये अक्काला तहान लागली. वाड्याच्या विहिरीवर गेली तर तिथल्या बाईनं पोहरा वर ओढून घेतला. त्याच बाईनं आदल्या रात्री नारळ फोडला होता. अक्कानं तिला ओळखलं होतं. तिनंही अक्काला ओळखलं होतं.

मग सिनेमा बोलायला लागला. अक्काला आवाजाच्या परीक्षेला बोलावलं. गाणाऱ्या आईची मुलगी, तिला कसली भीती? तिनं माईकसमोर चार वाक्यं म्हटली, दोन ओळी गायल्या. काचेपलीकडून कंपनीचे मालक बाहेर आले. ज्यांनी तिला आठ-नऊ वर्षं देवी केलं, सती केलं, तेच.

"आवाज बाजारातला आहे," म्हणाले. "आता घरंदाज मुली यायला लागल्यात."

मुकी होती तोवर देवी. तोंड उघडलं आणि बाजारातली.

त्यानंतर तिला कुणी काम दिलं नाही. एका श्रीमंत माणसानं ठेवलं. त्यानं काशीला आणलं, ही खोली तिच्या नावावर भाड्यानं घेऊन दिली आणि स्वतः मरून गेला. पुढचं मी सांगितलंच.

माझ्यावर या सगळ्याचा काय परिणाम झाला म्हणून विचाराल तर, मला अभ्यासाचं वेड लागलं. दुसरं काही नव्हतंच. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी वाचायची. वीज गेली की अख्खी गल्लीच घाटावर येऊन बसायची, मी एकटी नव्हते. कॉलेजात इतिहास घेतला. आमच्या तिघींच्या मागच्या किती पिढ्या मोजाल तितक्या मोजा, बी.ए. झालेली मी पहिली. निकाल लागला त्या दिवशी आईनं कात्री खाली ठेवली आणि मला म्हणाली, "आता तुला कोणी बाईजीची नात म्हणणार नाही."

चुकीचं होतं ते. दुसऱ्याच दिवशी दूधवाल्यानं विचारलं, "बाईजी की नतिनी पास हो गई का?"

जगात सिनेमा सुरू झाल्याला शंभर वर्षं झाली म्हणून सगळीकडे गवगवा चालला होता ते वर्ष. एका सकाळी दार वाजलं. दारात मालककाका. हे बँकेत होते आणि आमच्या भागातल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरीही होते. इतक्या वर्षांत ते आमच्या खोलीत कधी आले नव्हते. भाडं खालून हाक मारून मागायचे.

"आजीबाई, नमस्कार!" म्हणाले.

बाई. मराठीतून. मी आईकडे बघितलं. आईनं मान वर केली नाही, पण तिची कात्री थांबली.

"मुंबईहून एक जण आलेत. जुन्या फिल्मा गोळा करतात. कोल्हापुरात भंगारवाल्याकडे त्यांना एक तुकडा सापडला, त्यात तुम्ही आहात म्हणे. मिस केतकी! आम्हाला पत्ताच नाही हो. मंडळानं ठरवलंय, आपल्या माणसाचा सत्कार आपणच करायचा."

"आपल्या?" अक्का म्हणाली.

"म्हणजे काय! काशीतल्या मराठी माणसाचा मान आहे हा."

"बसा की. खुर्ची नाही. गोणपाट आहे."

ते उभेच राहिले. गोणपाटाकडे त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, "परिचय करून द्यावा लागेल. तुमची नात बी.ए. झालीय, तिनंच करावा. घरच्याच मुलीनं केला की शोभतं. तर त्यात असं सांगायचं, की घराणं सरदारांचं. कोवळ्या वयात वैधव्य आलं. दुःख विसरायला कलेची सेवा केली. मग काशीवास. एवढंच. लोकांना ऐकायला बरं वाटतं."

मी म्हणाले, "आणि खरं काय आहे ते?"

"खरं सगळ्यांना ठाऊकच आहे ना, बेटा. त्यासाठी माईक कशाला लागतो?"

मग निघता निघता दारात थांबले. अक्काकडे न बघता, स्वतःच्याच कपाळावर बोट टेकवून म्हणाले, "आणि हो. हे तेवढं त्या दिवशी नको. विधवा म्हणून सांगायचं आणि कपाळावर एवढं... बरं नाही दिसत."

खाली गोठ्यात म्हैस ओरडली.

अक्कानं विचारलं, "जेवण आहे ना? पंगत?"

"आहे ना. श्रीखंड-पुरी."

"पंगतीत बसायचं ना मी? सगळ्यांच्यात?"

"अलबत. सत्कारमूर्ती तुम्ही."

"मग चालेल."

ते गेल्यावर मी अक्कावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

"तू कुंकू पुसणार? त्या लोकांसाठी?"

"अगं, पडद्यावर चार वेळा विधवा झाले. दोनदा सती गेले. आणखी एक दुपार."

"तो सिनेमा होता, अक्का!"

"आणि हे काय आहे?" ती म्हणाली. मग थोडा वेळ खांदा दाबत बसली. "हे बघ. त्यांच्यात बसून मला एकदा जेवायचंय. पाटावर. पुढं रांगोळी. डाव्या हाताला कोणीतरी बसलेलं, उजव्या हाताला कोणीतरी बसलेलं. मी देवीचं काम केलं तेव्हा नैवेद्याची ताटं पुठ्ठ्याची होती. तू दोन शब्द बोल ते म्हणतात तसे. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझ्या बापाचं गेलंच," मी म्हणाले. "सगळं गेलं."

पण मी कबूल झाले. तिचं वय बघून झाले. घोकून घोकून पाठ केलं, घराणं सरदारांचं, कोवळ्या वयात वैधव्य. तोंडात काहीतरी कुजलेलं धरल्यासारखं वाटायचं. म्हणताना थुंकी यायची.

सत्काराच्या दिवशी अक्का सकाळपासून तयार होऊन बसली होती. आईनं तिला धुतलेलं नऊवारी नेसवलं. कपाळावर कुंकू तसंच. आम्ही दोघींनी तिला उचलून धरल्यासारखं करत गल्लीतून मंडळाच्या सभागृहात नेलं. मागच्या खोलीत बसायला सांगितलं. तिथं पाट रचून ठेवले होते, श्रीखंडाचं पातेलं होतं. मालकीणकाकू समया पुसत होत्या.

काकूंनी अक्काला बघितलं. "अगं बाई! हे काय? यांनी सांगितलं नव्हतं का?"

"विसरले," अक्का म्हणाली. ती विसरली नव्हती. मी सकाळी तिला आरशासमोर बघितलं होतं. तिचा हात कपाळापर्यंत गेला होता आणि खाली आला होता.

"बाहेर लोक बसलेत!" काकू म्हणाल्या. आणि हातातलं समयी पुसायचं फडकं, काजळी नि तेल लागलेलं, तेच घेऊन त्या पुढे आल्या. डाव्या हातानं अक्काची हनुवटी धरली. उजव्या हातानं कपाळ पुसलं. एकदा. निघालं नाही. परत पुसलं. जोर लावून. अक्काची मान मागे गेली.

काकूंच्या घरात आम्ही जन्म काढला होता. त्या घरातल्या माणसानं माझ्या आजीला पहिल्यांदा हात लावला तो कुंकू पुसायला.

कुंकवाखालची कातडी पांढरी पडली होती. वर्षानुवर्षांच्या कुंकवानं पडते तशी. गोल पांढरा डाग, भोवती लाल-काळं फासलेलं. अक्का डोळे मिटून बसली होती. आणि काकू कोपऱ्यातल्या नळावर गेल्या आणि हात धुतले. साबणानं. दोनदा. बोटांच्या बेचक्यांतून फेस काढून.

आईनं माझा दंड धरला. तिला वाटलं मी काकूंच्या अंगावर जाईन. मी कुठंच गेले नाही. मला किळस आली होती. संताप आला की माणूस थरथरतो. किळस आली की एकदम थंड होतो. मी तशी थंड झाले.

सभागृह भरलं होतं. स्टेजवर सरस्वतीची तसबीर, हार, पूजेचं ताट. अक्काला खुर्चीवर बसवलं. मुंबईच्या पाहुण्यांनी तो फिल्मचा तुकडा व्हिडिओ कॅसेटवर आणला होता. तो टीव्हीवर लावला. चार-पाच मिनिटांचा. ओरखडे पडलेला, मध्येच पांढरा होणारा. पण तीच होती. अठरा-एकोणीस वर्षांची अक्का. मोठे डोळे, मान वर. नवऱ्याचे पाय धुते आहे. ओठ हलताहेत. पाटी आली, "नाथ, ही दासी जन्मोजन्मी आपलीच."

माझ्या शेजारची बाई गहिवरली. "किती सोज्वळ, नाही! ते संस्कारच वेगळे."

काकांनी माईकवर माझं नाव घेतलं. "आता त्यांची सुविद्य नात परिचय करून देईल."

मी उठले. माईककडे जाण्याआधी पूजेच्या ताटाकडे गेले. कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं. अक्कासमोर उभी राहिले आणि त्या पांढऱ्या डागावर पुरं, गच्च, रुपयाएवढं कुंकू लावलं. अक्कानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग तिनं समोर बसलेल्या लोकांकडे बघितलं आणि मान वर केली. टीव्हीवर होती अगदी तशी.

मग मी बोलले. पाठ केलेलं एक अक्षर नाही.

"ही गोदाबाई. हिची आई भीमाबाई. तिची आई तुळसाबाई. तिघी नायकिणी. सरदार हिच्या आईच्या घरी यायचे, पण नाव द्यायला कुणी आला नाही. ही विधवा नाही. कधी होणारही नाही. कुंकू मघाशी मागच्या खोलीत समयीच्या फडक्यानं पुसलं गेलं, आणि पुसणाऱ्या हातांनी नंतर साबण लावला. तुम्ही आत्ता जे बघून गहिवरलात, त्यात ती 'दासी आपलीच' म्हणत नाहीये. ती म्हणतेय, मेल्या, घरून पाय धुऊन येत जा, उंदीर मेल्यासारखा वास येतोय."

मुंबईचे पाहुणे मोठ्यानं हसले. एकटेच.

"माईक बंद करा!" काका ओरडले. बंद केला. मला काही फरक पडला नाही. गल्लीत वाढले आहे मी, माझा आवाज घाटापलीकडे जातो.

"तुम्ही हिला हिंदीतून बाईजी म्हणता," मी म्हणाले. "मी मराठीतून सांगते. ही बाई आहे. आमची बाई. तुमची सरदारीण तुम्ही दुसरी शोधा."

बायका उठायला लागल्या. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी "लाज नाही" म्हणालं. मालकीणकाकू स्टेजखाली येऊन माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "शिकवून उपयोग नाही. वळण जात नाही." यावेळी मराठीतून. मला ते बरं वाटलं. निदान भाषा लपवली नाही.

काकांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमची पानं वर पाठवतो." शाल राहिली, नारळ राहिला. पंगत आमच्याशिवाय बसली. आम्ही गल्लीतून परत येताना मागून श्रीखंड वाढणाऱ्यांची गडबड ऐकू येत होती.

तुम्हाला वाटेल, खोलीवर आल्यावर अक्कानं मला जवळ घेतलं. नाही घेतलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. कुंकू तसंच होतं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुला काय गं. तुला पुढं पुष्कळ पंगती आहेत."

पानं वर आलीच नाहीत.

तिनं माझ्याशी बरेच दिवस बोलणं सोडलं होतं. मग बोलायला लागली, खांदा दाबून घ्यायला लागली, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. तिनं मला माफ केलं का, मला माहीत नाही. मला वाईट वाटतं. पण त्या सभागृहात मला उद्या परत उभं केलं तरी मी तेच करीन, त्याच बोटानं. तिला पाटावर बसायचं होतं. त्यांना तिला पुसून बसवायचं होतं. पुसलेली म्हातारी पंगतीत बसली असती, ती माझी आजी नसती.

पुढच्या माघात ती गेली. मंडळातलं कुणी आलं नाही. आम्ही कुणाला सांगितलंही नव्हतं. कपाळ भरून नेली. अग्नी मी दिला. मंत्र सांगणारा महाराज कुरकुरला, "लड़की?" मी म्हटलं, "हाँ, लड़की. मंतर पढ़िए." गोत्र विचारलं. मी सांगितलं, गोदाबाई, भीमाबाई, तुळसाबाई. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मंत्र म्हटला. नसता म्हटला तरी मी चिता पेटवलीच असती.

मग मी बी.एड. केलं. कचहरीत जाऊन नाव बदललं. तिथला बाबू म्हणाला, "ई कौन नाम हुआ? बाप का लगाइए." मी म्हटलं, "हमारे यहाँ यही चलता है." तो हसला. त्याला हसू दिलं, पण सही-शिक्का झाल्याशिवाय मी टेबलासमोरून हलले नाही.

मंडळाला आता माझा पत्ता माहीत आहे. मोठी शाळा, कायम नोकरी, म्हणून मधूनमधून निरोप येतो, गणपतीत दोन शब्द बोलायला या. मी जात नाही. जाणारही नाही. माझ्या घरातलं कोणी जाणार नाही.

मी बनारसमधल्या मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, इतिहास शिकवते. आई आता धागे कापत नाही. आम्ही ती खोली सोडली. माझं आडनाव गोदाबाई आहे.